भाडेव्यवहार, निवासी जागेचा

आपल्या मालकीची राहण्याची जागा ठरावीक मोबदला घेऊन दुसऱ्यास वापरावयास देण्याचा व्यवहार. या व्यवहारात मोठे चाळमालक, विश्वस्त संस्था व कंपन्या यांच्याबरोबरच एकदोन सदनिका किंवा घराचा एखादा मजला भाड्याने देणारे लहान घरमालकही असतात. सेवानिवृत्त नोकरदार, बदलीमुळे परगावी गेलेले कुटुंब, वारसाहक्काने घर मिळालेले भाऊबहीण वा बचत स्थावर मालमत्तेत गुंतविणारे मध्यमवर्गीय यांचा या वर्गात समावेश होतो. मोठ्या मालकाची एक जागा अडकली, तर त्याचे उत्पन्न थोडे घटते. लहान मालकाचे मात्र सर्वच उत्पन्न थांबते. त्यामुळे जागा द्यावी की नाही, कोणत्या कायदेशीर स्वरूपात द्यावी, भाडे व अनामत किती घ्यावी आणि दुरुस्तीचा भार कोणी सोसावा, हे निर्णय त्याला विशेष काळजीपूर्वक घ्यावे लागतात. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील परिस्थितीच्या संदर्भात त्यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई निर्माण होऊन भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम आला. त्यानुसार जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी निगडित झाले. भाडेकरूस संरक्षण मिळाले. परंतु महागाई वाढत असताना भाडे जवळजवळ स्थिर राहिल्याने इमारतींची दुरुस्ती मालकांना परवडेनाशी झाली आणि भाड्यासाठी नवी घरे बांधण्याची प्रवृत्ती मंदावली. या निर्बंधांतून सुटण्यासाठी मालक ‘लिव्ह अँड लायसेन्स’ म्हणजे केवळ वापरपरवान्याच्या करारावर जागा देऊ लागले. तथापि १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यान्वये जागेचा ताबा असणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. अल्पकाळासाठी दिलेली जागा कायमची गुंतून पडू शकते, ही धास्ती तेव्हापासून लहान मालकांच्या मनात रुजली आणि अनेकांनी घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूपबंद ठेवणे पसंत केले. २०११ च्या जनगणनेत भारताच्या नागरी भागात सु. १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली; त्यांमागील अनेक कारणांत ही धास्तीही एक मानली जाते.

गोठलेल्या प्रमाण भाड्याविषयीच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे मत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ खटल्यात व्यक्त केले. त्यानंतर राज्यातील तीन विभागांचे वेगवेगळे कायदे एकत्र करून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आला.

भाडेपट्टा व परवाना : लहान मालकाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय या दोहोंतील निवडीचा असतो. भाडेपट्ट्याने भाडेकरूस जागेत हितसंबंध प्राप्त होतो. तो नियमित भाडे भरीत असेल, तर केवळ मुदत संपली म्हणून त्यास काढता येत नाही. मालकाची वास्तविक व प्रामाणिक गरज, पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव, वाजवी कारणाविना सहा महिने जागेचा वापर न करणे यांसारखी कायद्यातील कारणे सिद्ध करावी लागतात. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेहक्क मिळतो. भाड्यात वर्षाला ४% वाढ करण्याची मुभा आहे. जागा देताना वा भाडेहक्क हस्तांतरास संमती देताना पागडी घेणेही १९९९ च्या अधिनियमाने वैध ठरविले आहे.

परवान्याने मात्र केवळ वापराची परवानगी मिळते. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर मालक दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. अर्जाची नोटीस मिळाल्यावर परवानाधारकास बचाव मांडण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते आणि मुदतीनंतरच्या ताब्याबद्दल परवानाशुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. या तरतुदीमुळे सदनिकाधारक मालक बहुतांशी याच पद्धतीचा अवलंब करतात. परवानाधारकाच्या दृष्टीने पाहता, तिच्यात स्थैर्य कमी असते. मुलांची शाळा व नोकरीचे ठिकाण सांभाळून त्याला वारंवार घर बदलावे लागण्याचा संभव असतो.

करार व नोंदणी : ११ महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून तो उद्भवला. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली, तरी करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि ही जबाबदारी मालकाची आहे. तसे न केल्यास जागा कोणत्या अटींवर दिली याविषयीचे भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. थोड्या खर्चाच्या बचतीपोटी नोंदणी टाळणारा मालक अशा रीतीने आपलीच बाजू दुबळी करतो.

हा खर्च फारसा नसतो. ६० महिन्यांपर्यंतच्या परवाना करारावर ०.२५% मुद्रांक शुल्क आकारले जाते. त्यासाठी मुदतीतील एकूण शुल्क, परत न करावयाची रक्कम व परतीच्या अनामतीवरील वार्षिक १०% दराचे व्याज यांची बेरीज करतात. उदा., दरमहा १५,००० रुपये व अनामत १ लाख रुपये अशा दोन वर्षांच्या करारात ही बेरीज ३,८०,००० रुपये व मुद्रांक शुल्क ९५० रुपये होते. नोंदणी फी याव्यतिरिक्त असते.

उत्पन्नाचा हिशेब : भाड्याच्या रकमेवरून गुंतवणुकीचा परतावा ठरविणे फसवे असते. समजा, ६० लाख रुपयांच्या सदनिकेस दरमहा १५,००० रुपये भाडे मिळते. म्हणजे ढोबळ परतावा ३% झाला. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहिल्यास हाती १,६५,००० रुपये येतात. त्यातून संस्थेचा देखभाल खर्च ३०,०००, मालमत्ता कर ६,००० आणि दुरुस्ती व दलाली १५,००० रुपये वजा जाता १,१४,००० रुपये उरतात व परतावा १.९ टक्क्यांवर येतो. कर्ज काढून घेतलेल्या घराच्या बाबतीत व्याजाचा दर याच्या कितीतरी पट असल्याने मालकाचा खरा भरवसा भाड्यापेक्षा किंमतवाढीवर असतो. ती मात्र निश्चित नसते. प्राप्तिकरासाठी प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरणाऱ्या वार्षिक मूल्याच्या ३०% प्रमाणित वजावट मिळते. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च कितीही झाला, तरी ती तेवढीच राहते.

अनामत रक्कम हे मालकाचे उत्पन्न नसून देणे असते. ती खर्च करून टाकल्यास जागा रिकामी होताना नव्या भाडेकरूच्या अनामतीतून जुन्याची परतफेड करण्याची वेळ येते व तंट्यास कारण मिळते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मान्य केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. तथापि राज्याने तसा कायदा केल्याशिवाय ही मर्यादा तेथे लागू होत नाही.

भाडेकरूची निवड व दैनंदिन संबंध : भाडेकरूचा व्यवसाय, पूर्वीचे वास्तव्य व ओळखपत्रे यांची पडताळणी करणे, स्थानिक आदेशांनुसार पोलीस ठाण्यास माहिती देणे व सहकारी गृहनिर्माण संस्थेस कळविणे ही मालकाची प्राथमिक कामे होत. संस्थेला बिनभोगवटा शुल्क आकारता येते. परंतु २००१ च्या शासकीय आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ताबा देताना भिंती, नळ, विजेची उपकरणे व मीटरवरील आकडे यांची उभयतांच्या सह्यांची यादी केल्यास अनामतीतून करावयाच्या कपातीविषयी वाद राहत नाही. थोडे अधिक भाडे देणाऱ्या अनोळखी व्यक्तीपेक्षा वेळेवर भाडे भरणारा व जागा जपणारा भाडेकरू टिकवून ठेवणे पुष्कळदा अधिक किफायतशीर ठरते. कारण एक महिना जागा रिकामी राहिली, तरी वर्षाच्या भाड्यापैकी ८ टक्क्यांहून अधिक रक्कम बुडते.

जागा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून घेऊन तिचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. भाड्याची लेखी पावती देणे बंधनकारक आहे. भाडे थकले म्हणून पाणी वा वीज तोडणे दंडनीय आहे. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते.

जुन्या इमारती : मुंबई बेटावरील उपकरप्राप्त इमारतींच्या लहान मालकांपुढील प्रश्न वेगळा आहे. भाडे नाममात्र, दुरुस्ती खर्चिक व भाडेकरू अनेक, अशी तेथील स्थिती असते. १९६९ च्या कायद्याने अशा इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती एका मंडळाकडे सोपविण्यात आली. पुढे १९८६ मध्ये ७०% भोगवटादारांनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन अशी इमारत संपादन करण्याची तरतूद करण्यात आली. तिला मालकांच्या संघटनेने आव्हान दिले. त्यातून उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला. तरीही इमारत कोसळण्याच्या बेतास येईपर्यंत थांबणे कोणाच्याच हिताचे नसते. मालक व भाडेकरू यांनी एकत्र येऊन पुनर्विकास करणे हा त्यांतील व्यवहार्य मार्ग होय. त्यात भाडेकरूस मालकीची सदनिका व मालकास वाढीव बांधकामातील वाटा मिळू शकतो.

कायद्याचा तोल कधी भाडेकरूकडे, तर कधी मालकाकडे झुकत आला आहे. भाडेकरूस निवाऱ्याची शाश्वती हवी असते व मालकास जागा परत मिळण्याची. या दोन्ही गरजा स्पष्ट शब्दांत नोंदविणारा लेखी करार हाच लहान मालकाचा, आणि तितकाच त्याच्या भाडेकरूचाही, प्रमुख आधार होय.