मुलांना घेऊन सिंहलद्वीपाला



युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. त्याने परदेशी सहलीवर बोलावे हे कित्येकांना विचित्र वाटेल. परदेशप्रवास हा श्रीमंतांचा विषय, आपण आपले शिर्डी-महाबळेश्वर करावे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः भरपगारी रजा ही कोणी मेहेरबानीने दिलेली वस्तू नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये लाखो कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडले, तेव्हा दोन आठवड्यांची पगारी सुटी कायद्यात आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी सुटीचा करार संमत केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा बांधून दिली. ही रजा लढून मिळवलेली आहे. ती घोरत घालवावी की मुलांना जग दाखवण्यात खर्चावी, हा विचार आपणच करावयाचा आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या कामगार कुटुंबांतील मंडळी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. नवरा-बायको दोघेही कमावतात, पोरे पाचवी-आठवीत आहेत, चार पैसे शिल्लक आहेत. जावे कोठे आणि कसे? मी त्यांना सांगतो की पहिला परदेश जवळचा, स्वस्त आणि आपल्या नात्याचा निवडा. असा देश म्हणजे श्रीलंका, आपल्या जुन्या पोथ्यांतले सिंहलद्वीप. आज तीच आखणी मी तुमच्यापुढे मांडतो.

हाच देश का? मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच-तीन तासांवर आहे. घड्याळ बदलावे लागत नाही. तेथील वेळ आणि आपली वेळ एकच. रेल्वेचा रूळ आपल्याइतकाच रुंद. आणि भाषा? सिंहली भाषा आपल्या मराठीची दूरची बहीण आहे. मुलांना निघण्यापूर्वी हे शब्द शिकवा: आंब्याला 'अंब', कानाला 'कन', दाताला 'दत', गावाला 'गम', मिठाला 'लुणू'. अंक मोजताना एक, देक, तुन, हतर, पह असे म्हणत जायचे. पुढे 'हत' म्हणजे सात आणि 'अट' म्हणजे आठ. सहावीतले पोर हे ऐकून उड्या मारू लागते, कारण परकी भाषा आपल्याला अर्धी येतेच असा त्याला शोध लागतो. नमस्काराला 'आयुबोवन' म्हणतात, म्हणजे दीर्घायू व्हा. उत्तरेत आणि चहाच्या मळ्यांत तमीळ बोलतात. तेथे 'वणक्कम' म्हणावे. दोन्ही नमस्कार शिकून जावे. एकच शिकून जाणे हे त्या देशाच्या इतिहासात एका बाजूला उभे राहण्यासारखे आहे.

आता हंगाम पाहू. त्या बेटावर दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम-दक्षिण किनाऱ्यावर आणि डोंगरावर पडतो. नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत ईशान्येचा पाऊस पूर्व-उत्तरेकडे पडतो. आपल्या दिवाळीच्या सुटीत दोहोंच्या मधल्या सरी येतात. म्हणून शाळकरी मुलांच्या घराला एप्रिलचा उत्तरार्ध सोयीचा. १३-१४ एप्रिलला त्यांचे नववर्ष असते. त्या आठवड्यात दुकाने बंद आणि गाड्या तुडुंब. ते ओसरल्यावर निघावे. वैशाखी पौर्णिमा, जिला तेथे 'वेसाक' म्हणतात, सुटीत बसत असेल तर सोन्याहून पिवळे. घरोघरी कागदी कंदील लागतात, रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. प्रत्येक पौर्णिमेला तेथे सार्वजनिक सुटी असते, हेही ध्यानात असू द्यावे.

कागदपत्रे सहा महिने आधी हाती घ्यावीत. पंधरा वर्षांखालील मुलाचे पारपत्र पाच वर्षेच चालते. मोठ्यांची मुदत आहे म्हणून मुलांचीही असेल, हे गृहीत धरू नये. प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी. प्रवेशपरवान्याचे नियम आणि शुल्क वरचेवर बदलते. ते त्या सरकारच्या अधिकृत ठिकाणीच पाहावे, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

पैशाचे तत्त्व असे: खर्चाचे चार भाग करावेत. जाणे-येणे, राहणे-जेवणे, तिकिटे-वाहने आणि चौथा भाग अडचणीसाठी. या चौथ्या भागाला हात लावायचा नाही. संप करताना आम्ही संपनिधी जसा वेगळा ठेवतो, तसा हा ठेवावा. प्राचीन स्थळांवर परदेशी प्रवाशांना स्थानिकांपेक्षा पुष्कळ जास्त शुल्क पडते. सार्क देशांच्या नागरिकांना आणि लहान मुलांना सवलत मिळत आलेली आहे. यास्तव पारपत्रे जवळ ठेवावीत आणि खिडकीवर आधी विचारावे. मुक्काम मोठ्या हॉटेलात न करता कुटुंबाने चालवलेल्या घरगुती निवासात करावा. एप्रिल २०२२ मध्ये त्या सरकारला परदेशी कर्जाची फेड थांबवावी लागली. पेट्रोलसाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे होते. आपला रुपया थेट एखाद्या घराच्या चुलीपर्यंत पोहोचला तर त्याचे मोल दुप्पट होते.

शिवाय सकाळी त्याच घरात मुलांना तांदळाच्या पिठाची 'इंदी आप्प' मिळतील. आमच्या मालवणी घरांतली पोरे ती पाहताच म्हणतात, 'हे तर शिरवाळे!' सोबत खोबऱ्याचे तिखट सांबोल असते. बेताने वाढून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सहलीची आखणी आई-बापांनी करून मुलांना सामानासारखे गाडीत भरू नये. घरात समिती नेमा. धाकट्याकडे दिनदर्शिका, मोठीकडे हिशेबाची वही, आजी येणार असेल तर तिच्याकडे औषधांची पेटी. नकाशा ज्याच्या हाती, त्याने दुसऱ्या दिवशीचा मार्ग रात्री सर्वांना समजावून सांगायचा. हिशेब रोज रात्री वाचून दाखवायचा. आमच्या शाखेतील एका भगिनीने हिशेब चौदा वर्षांच्या मुलीकडे दिला. तिसऱ्या दिवसापासून ती बापालाच शहाळ्याचा भाव विचारू लागली. जबाबदारी दिली की कुरकुर कमी होते, हा नियम कारखान्यातही चालतो आणि घरातही.

मार्ग दहा दिवसांचा धरू. ठिकाणे चारच घ्यावीत आणि मधला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. दहा दिवसांत दहा गावे केली, तर मुलांच्या आठवणीत फक्त मोटारीची खिडकी राहते.

पहिला मुक्काम अनुराधपूर. तेथील बोधिवृक्ष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गयेहून आणलेल्या फांदीचा मानतात. जवळच मिहिंतलेची टेकडी आहे. महावंसात कथा आहे की अशोकाचा पुत्र महिंद या टेकडीवर राजा तिस्साला भेटला. धर्म सांगण्यापूर्वी त्याने राजाची पारख केली. हे झाड कोणते? आंब्याचे. याखेरीज आंबे आहेत काय? पुष्कळ. आंब्यांखेरीज झाडे आहेत काय? तीही पुष्कळ. मग ते सारे आंबे आणि ती सारी इतर झाडे सोडून आणखी काही उरते काय? राजा म्हणाला, हे समोरचे आंब्याचे झाड उरते. ही कथा पायऱ्या चढताना मुलांना अर्धीच सांगावी आणि शेवटचे उत्तर त्यांच्याकडून काढावे. हजारो झाडांच्या गोष्टी ऐकून समोरचे एक झाड विसरू नये, हीच प्रवाशाचीही परीक्षा आहे.

दुसरा मुक्काम सिगिरिया. सपाट रानातून सुमारे दोनशे मीटर उंच उठलेला एकच खडक. पाचव्या शतकात कश्यप राजाने बापाची हत्या करून गादी घेतली आणि भावाच्या भयाने या खडकावर राजवाडा बांधला. वाटेत भित्तिचित्रे आहेत. अजिंठा पाहिलेल्या मुलांना त्यांची जात लगेच ओळखू येते. त्याखाली आरशासारखी गुळगुळीत केलेली भिंत आहे, आणि तिच्यावर शेकडो वर्षांपूर्वीच्या प्रवाशांनी कोरलेल्या कविता. आज मात्र भिंतीवर एक रेघ ओढणेही गुन्हा आहे, हे मुलांना बजावावे. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत; दार उघडताच चढावे. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी असतात, म्हणून तेथे आरडाओरड करू नये.

तिसरा मुक्काम कँडी. येथे बुद्धाच्या दाताचे मंदिर आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, पादत्राणे बाहेर ठेवावीत, बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. मराठी माणसाला या गावाशी आणखी एक नाते आहे. १९५० साली जागतिक बौद्ध परिषद येथे भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. सहा वर्षांनी नागपुरात जे घडले, त्याच्या वाटेवरचे हे एक गाव.

चौथा मुक्काम हॅटनचा डोंगरी मुलूख. कँडीहून वर जाणारी रेल्वे चहाच्या मळ्यांतून वळणे घेत जाते. नोव्हेंबर २०२५ च्या चक्रीवादळात या मार्गाची मोठी हानी झाली. म्हणून कोणता टप्पा चालू आहे याची चौकशी निघण्यापूर्वी करावी, आणि बसचा पर्याय हाताशी ठेवावा. येथून श्रीपादाचे शिखर चढतात. उंची २,२४३ मीटर. माथ्यावरच्या पावलाच्या ठशाला बौद्ध बुद्धाचा म्हणतात, हिंदू शिवाचा, मुसलमान आदमचा, आणि ख्रिस्ती लोकांत तो संत थॉमसचा मानणारेही आहेत. एकाच शिखरावर चौघे जातात. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वेसाकपर्यंत यात्रा चालते. तेव्हा वाटेवर दिवे आणि चहाची दुकाने असतात. रात्री चढून पहाटे माथा गाठायचा. पाच हजारांवर पायऱ्या आहेत. दहा वर्षांखालच्या पोराला मी नेणार नाही. लोकरीचा कपडा, विजेरी, पाणी आणि गूळ-शेंगदाणे जवळ हवेत. आणि एक अट: ज्याला पुढे जाववत नाही त्याने तसे सांगायचे, त्याला कोणी हसायचे नाही, आणि एक मोठे माणूस त्याच्यासोबत मागे फिरेल. साहस म्हणजे अंगावर संकट ओढवून घेणे नव्हे. तयारीनिशी अवघड काम करणे म्हणजे साहस. त्याच हिशेबाने डासांचे औषध रोज लावावे, कारण डेंग्यू तेथेही आहे. माकडांना हाताने खायला देऊ नये. रुग्णवाहिकेचा १९९० हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

खाली उतरल्यावर मात्र चहाचा मळा पाहिल्याशिवाय निघू नका. १८६७ साली जेम्स टेलर याने कँडीजवळ चहाची पहिली मोठी लागवड केली. १८६९ नंतर तांबेऱ्याने कॉफीचे मळे बसले आणि चहा पसरला. या मळ्यांवर राबायला तमीळ देशातून माणसे नेली गेली. कॉफीच्या काळात ती मन्नारहून जंगलातून पायी चालत वर येत. कित्येक वाटेतच मेली. आली ती 'लाइन' नावाच्या खोल्यांच्या रांगांत राहिली. आपल्या गिरणगावातल्या चाळीची ही डोंगरातली धाकटी बहीण. १९४८ साली स्वतंत्र सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि लाखो मळेकामगार एका फटक्यात देशहीन झाले. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमावो यांच्या करारात माणसे वाटून घेतली गेली: ५,२५,००० भारताकडे, ३,००,००० सिलोनकडे, उरलेली पुढे पाहू. ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी विचारले नव्हते. उरलेल्या बहुतेकांना नागरिकत्व मिळायला २००३ साल उजाडावे लागले.

हे मुलांना सांगावे काय? माझे उत्तर, अवश्य सांगावे. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या देशात यादवी युद्ध झाले, हेही सांगावे. मूल विचारील, का झाले? तेव्हा एकाच बाजूला दोष देऊन मोकळे होऊ नये. भाषेवरून, नागरिकत्वावरून माणसांना कमी लेखले की पुढे काय होते, एवढे तरी त्याला कळावे. चहाच्या कारखान्यात पान कोमवतात, वळतात, आंबवतात, वाळवतात, चाळतात. हे सर्व दाखवतात. पण दारात एखादी खुडणारी बाई भेटली, तर मुलांनी आधी नमस्कार करावा, परवानगीवाचून तिचे छायाचित्र काढू नये, आणि टोपलीत दिवसाला किती पान भरावे लागते ते विचारावे. ज्या हातांनी आपला सकाळचा चहा खुडला, ते हात पोरांनी एकदा जवळून पाहिले पाहिजेत.

परत आल्यावर सहल संपत नाही. आठ दिवसांत मुलांनी हिशेबाची वही पूर्ण करावी आणि शेजारच्या चार पोरांना जमवून अर्धा तास बोलावे. काय खाल्ले, कोठे दमलो, कोणाला भेटलो. ज्याला हे सांगता आले, त्याने देश पाहिला. ज्याला केवळ विमानतळावरची दुकाने आठवतात, त्याने तिकिटाचे पैसे वाया घालवले.

भगिनींनो आणि बंधूंनो, आमच्या पिढीने आठ तासांच्या दिवसाची मागणी केली ती केवळ झोपेसाठी नव्हती. उरलेल्या वेळात माणसासारखे जगता यावे यासाठी होती. तुमच्या मुलांना तो वेळ द्या. पारपत्राचा अर्ज या महिन्यातच भरा, आणि तो भरताना मुलांना शेजारी बसवा.