वस्तू चालते, कृती चालत नाही: गांजाच्या अर्काचा कायदा

हक्क आणि परवाना यांतला फरक आपण मागच्या वेळी पाहिला. आज त्याचंच एक अवघड उदाहरण घेऊ: औषधी गांजाला मान्यता देणाऱ्या अमेरिकी राज्यांत अर्क काढण्याविषयीचे नियम.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1996 साली, प्रस्ताव 215 मंजूर करून, डॉक्टरांच्या शिफारशीने गांजा वापरायची मुभा दिली. पण मजकूर नीट वाचला तर रुग्णाला संरक्षण दोनच कलमांपासून दिसतं: बाळगणं आणि लागवड. आता समजा, एखाद्याला धूर सोसत नाही. त्याने अर्क घ्यावा का? 2003 मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनी मत दिलं की अर्क हाही गांजाच, म्हणजे चालतो. मग घरी काढावा का? इथे उत्तर बदलतं. 'रासायनिक निष्कर्षणा'ने अंमली पदार्थ तयार करणं हा तिथे वेगळा गुन्हा आहे. शिक्षा 3, 5 किंवा 7 वर्षं कैद. ब्युटेनने अर्क काढणं त्यातच बसतं, असं अपील न्यायालयाने 2008 मध्ये ठरवलं.

म्हणजे वस्तू चालते, ती बनवण्याची रीत चालत नाही. विसंगती वाटते ना? जरा थांबू या. ब्युटेन हवेहून जड असतो, जमिनीलगत साचतो. एखादी ठिणगी पुरते, आणि भिंतीपलीकडचं कुटुंबही होरपळतं. मिलने 1859 च्या 'ऑन लिबर्टी'त हीच कसोटी दिली: इतरांना होणारी इजा रोखण्यासाठीच सक्ती समर्थनीय ठरते. या कसोटीवर ब्युटेनची बंदी पटते. पण बर्फाच्या पाण्यात घुसळून चाळणं, किंवा उष्णता आणि दाबाने राळ काढणं, यात शेजाऱ्याला तसा धोका नाही.

पुढचे कायदे बरेचसे याच रेषेवर आले. कोलोरॅडोत 2015 पासून घातक द्रावकाने विनापरवाना अर्क काढणं गंभीर गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात 2016 च्या प्रस्ताव 64 नुसार ज्वालाग्राही द्रावक परवानाधारकालाच वापरता येतो. 21 वर्षांवरील व्यक्तीला फुलं 28.5 ग्रॅम बाळगता येतात, तर अर्क 8 ग्रॅमच.

आपल्या 1985 च्या एनडीपीएस कायद्याची मांडणी निराळी. तिथे भर पदार्थावर आहे: हशीश तेल चरसाच्या व्याख्येत येतं, शेंड्यांशिवायचं नुसतं पान गांजाच्या व्याख्येबाहेर राहतं.

तरी एक प्रश्न उरतो. औषधाचा हक्क दिला, पण ते करण्याची सुरक्षित वाट स्पष्ट सांगितली नाही, तर मधल्या वर्षांत तुरुंगात गेलेल्या रुग्णाची चूक किती आणि कायदा लिहिणाऱ्यांची किती? आपल्याला वाटतं, धोक्याची जबाबदारी त्याची होती; संदिग्धतेची मात्र त्याची नव्हती. यावर विचार करून या, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू.