उजवा कौल, डावा कौल

दिवाळी उलटली की मुलुंड, भांडुप, बोरिवली येथील मालवणी बिऱ्हाडांत एकच विचारणा सुरू होते: आंगणेवाडीची तारीख ठरली काय? मालवण तालुक्यातील मसुरे गावाच्या या वाडीत भराडी देवीची जी यात्रा भरते, तिला पंचांगातील ठराविक तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरविला जातो. मग रजेचे अर्ज जातात, कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसावरून जादा गाड्या सुटतात आणि लाखो माणसे त्या लहानशा वाडीत लोटतात. एरव्ही सात वाजून बेचाळीस मिनिटांच्या लोकलवर आयुष्य बांधलेला उपनगरवासी मनुष्य वर्षातील एका दिवसाबद्दल तरी, देव सांगेल तेव्हा निघू, असे म्हणतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

'कौल' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ बोल, वचन. मराठी राजवटीत ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला सरकार जो अभयपत्राचा कागद देई, त्यास कौल म्हणत. सारा अमुक वर्षे कमी घेऊ, तुम्ही निर्भयपणे या, असा त्याचा आशय असे. आज निवडणुकीनंतर वृत्तपत्रे 'मतदारांचा कौल' छापतात तो हाच शब्द. तेव्हा देवाचा कौल म्हणजे भविष्यकथन नव्हे. ज्योतिषी पुढे काय होणार ते सांगतो. कौलात देव 'हे कर, मी पाठीशी आहे' किंवा 'हे करू नको' एवढेच सांगतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ सुशिक्षित लोक कौलाची थट्टा करतात, आणि पुष्कळ भाविक त्याचा दुरुपयोग करतात.

कौल लावण्याची रीत साधी आहे. गुरव देवाच्या मूर्तीवर, पाषाणावर ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा तांदळाचे दाणे उजव्या-डाव्या बाजूंस चिकटवितो. गाऱ्हाणे घातले जाते, जमलेली मंडळी 'होय महाराजा' म्हणून साथ देतात, आणि प्रश्न मोठ्याने उच्चारला जातो. उजवीकडची पाकळी आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. गावोगावी तपशील निराळे असतात. गोव्यात मंगेशीसारख्या देवस्थानांतही अशाच पाकळ्या लावून प्रसाद घेतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. पाण्याच्या पातळ थरामुळे पाकळी दगडास धरून राहते. पाणी ओघळले किंवा सुकले की ती धर सुटते. पण कोणती पाकळी आधी सुटेल हे गुरवासही ठाऊक नसते, आणि या रीतीचे सारे बळ त्यातच आहे. शिवाय पाकळी ताबडतोब पडत नाही. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास सर्वांना गप्प बसून राहावे लागते. आपल्याला कोणते उत्तर हवे आहे हे पुष्कळांना त्या अर्ध्या तासात प्रथमच कळते.

उपनगरातील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. बोरिवलीला दोन खोल्यांची जागा घ्यावयाची आहे. पैसा अपुरा आहे. गावचे वडिलोपार्जित घर विकले तर मेळ बसतो. मुलगा विकण्याच्या बाजूचा, आई विरुद्ध. दोन वर्षे याच वादात जेवणे कडू होतात. हिशेबाने हा प्रश्न सुटत नाही. कारण हिशेबाची वही मुलाच्या हातात आहे आणि आईचे म्हणणे त्या वहीत मांडता येत नाही. अशी मंडळी देवळात गेली आणि पाकळी डावीकडे पडली, तर मुलगा आईपुढे हरला असे होत नाही. उजवीकडे पडली, तर आईलाही मुलाने झिडकारले असे वाटत नाही. जे दोघांनाही एकमेकांकडून घेता आले नसते, ते तिसऱ्याच्या हातून घेता येते.

शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी याच जातीचा एक प्रयोग केला. नोकरी सोडावी की नाही अशा पेचात सापडलेल्या लोकांनी नाणेफेक करावयाची, आणि पुढे काय केले ते महिन्यांनंतर कळवावयाचे. 20,000 हून अधिक नाणी उडविली गेली. नाण्याने बदल कर म्हटले, तेव्हा बदल करणारांचे प्रमाण वाढले. आणि मोठ्या बाबतीत बदल केलेले लोक सहा महिन्यांनी अधिक समाधानी आढळले. अर्थात नाण्याला कोणी 'होय महाराजा' म्हणत नाही, हा फरक लहान नव्हे.

येथवर कौलाची बाजू झाली. आता दुसरी. उत्तर मनाजोगे आले नाही म्हणून प्रश्नाचे शब्द फिरवून पुन्हा पाकळ्या लावणारे लोक सर्वत्र आहेत. असा मनुष्य देवाला विचारीत नाही, देवाकडून वदवून घेतो. आजाऱ्यावर शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न डॉक्टरास विचारण्याचा आहे. जेथे ज्ञान मिळू शकते तेथे कौल लावणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे, आणि त्याची किंमत आजारी माणूस देतो. मुलीच्या लग्नाचीही तीच गोष्ट. जिचे लग्न तिचे तोंड मिटलेले ठेवावयाचे आणि फुलाला बोलते करावयाचे, हा न्याय नव्हे. युरोपातील मोरेव्हियन ख्रिस्ती बंधुसमाजात 18 व्या शतकात विवाह चिठ्ठी टाकून ठरत. तरुणांची नाराजी वाढत गेली, आणि 1818 च्या महासभेने सामान्य सभासदांच्या विवाहापुरती ती चाल बंद केली. ती माणसे काही नास्तिक झाली नव्हती.

पाकळी नको, चिठ्ठी नको, आतला आवाज पुरे, असे म्हणणारांचा मार्ग अधिक सोपा आहे असेही नाही. 1933 साली येरवड्याच्या तुरुंगात असताना महात्मा गांधींनी एकवीस दिवसांचे उपोषण जाहीर केले, ते ईश्वराचा आवाज ऐकला म्हणून. स्नेह्यांनी परोपरीने विनविले. हा आवाज ईश्वराचाच, याचा पुरावा आपण देऊ शकत नाही, हे गांधींनी मान्य केले. पण निश्चय सोडला नाही. 8 मे रोजी उपोषण सुरू झाले, त्याच दिवशी सरकारने त्यांना मुक्त केले, आणि 29 मे रोजी पुण्याच्या पर्णकुटीत ते पूर्ण झाले. त्या आवाजाचे खरेखोटेपण कोणी पारखावे? एवढे मात्र दिसते की त्या निर्णयाचा भार प्रथम त्यांच्या स्वतःच्या देहावर पडला. देवाच्या नावाने दुसऱ्याच्या जिवावर निर्णय घेणे आणि स्वतःच्या जिवावर घेणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या दृष्टीने मालवण तालुक्यातीलच आचरे गावची 'गावपळण' पाहण्याजोगी आहे. दर तीन-चार वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल होतो आणि सारा गाव तीन दिवस, तीन रात्री घरे सोडून वेशीबाहेर जातो. गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा मागे राहत नाहीत. श्रीमंताचा वाडा आणि गरिबाची झोपडी सारखीच बंद. माळावर, खाडीकाठी झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, मुंबईहून खास रजा काढून आलेले चाकरमानीही त्यांत असतात. तीन रात्री सरल्यावर परत येण्याविषयी देवाला पुन्हा विचारावे लागते. कौल मिळाला तर सामान डोक्यावर घेऊन माणसे घराकडे चालू लागतात. नाही मिळाला तर त्या दिवसाचा स्वयंपाक पुन्हा माळावरच होतो, आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाकळ्या लावल्या जातात.