ब्राउझर वारंवार कां कोसळतो?

अर्ज जवळजवळ भरून झालेला असतो. नांव, पत्ता, बँकेच्या खात्याचा क्रमांक, उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत, सर्व कांहीं जागच्या जागीं गेलेलें असतें. आतां शेवटची कळ तेवढी दाबावयाची, इतक्यांत ती संपूर्ण खिडकीच पडद्यावरून नाहींशी होते. घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात, ज्याच्या हातांत माऊस असेल त्याला "तूं काय केलेंस?" असा प्रश्न होतो, आणि तो बिचारा शपथेवर सांगतो कीं, मीं कांहींच केलें नाहीं. श्रोतेहो, बहुतेक वेळां तो खरेंच बोलत असतो.

आज मी आपल्याशीं या दुखण्याविषयीं बोलणार आहें. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें आपल्याला उघडून दाखविणारा प्रोग्रॅम. मग तो क्रोम असो, फायरफॉक्स असो कीं एज असो. तो महिन्यांतून एकदां कोसळला तर त्याची फारशी चौकशी करण्याचें कारण नाहीं. परंतु तो दररोज कोसळूं लागला, म्हणजे त्याच्या मागें कांहीं कारण असतें आणि तें बहुधा शोधून काढतां येतें. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे; जन्मभर शाळेंत मुलांना गणित शिकविलें, इतकेंच. उत्तर चुकलें असतां सगळी वही फाडून टाकावयाची नसते, पायरी पायरीनें मागें जाऊन चूक कोठें शिरली तें पाहावयाचें असतें, हें तेथें शिकलों, आणि येथेंहि त्याहून अधिक विद्या मला फारशी लागली नाहीं.

प्रथम, 'बंद पडला' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानूं नये. निरनिराळे प्रकार या एकाच नांवाखालीं सांगितले जातात. एका प्रकारांत एकच पान मरतें; क्रोममध्यें त्या जागीं उदास चेहऱ्याचें लहानसें चित्र येतें, पण शेजारच्या टॅबांतील पानें सुखरूप असतात. दुसऱ्यांत ब्राउझरची सर्व खिडकी जाते, तरी बाकीचा संगणक चालू राहतो. तिसऱ्यांत संगणकच थिजतो, किंवा आपला आपण बंद होऊन पुन्हां सुरू होतो. हा दोष एकट्या ब्राउझरच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. आणि चौथा प्रकार तर कोसळण्याचा नव्हेच. सगळा पडदा व्यापून एक पान उभें राहतें, कर्कश आवाज करतें, 'आपला संगणक रोगग्रस्त झाला आहे, अमुक क्रमांकावर ताबडतोब फोन करा' असें सांगतें आणि बंद म्हणून होत नाहीं. ही शुद्ध लबाडी होय. तो फोन करूं नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा, तेथून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हां सुरू केल्यावर 'मागचीं पानें परत आणूं काय?' असें त्यानें विचारलें तर नको म्हणावें. कोणीं फोन करून पैसे गमावलेच असतील, तर त्यानें लाजून घरांत न बसतां १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. तेथें विलंब महाग पडतो.

आतां पहिल्या दोन प्रकारांकडे वळूं. पूर्वींच्या ब्राउझरांत उघडलेलीं सर्व पानें एकाच प्रोसेसमध्यें, म्हणजे जणूं एकाच खोलींत, नांदत असत. एका पानानें घोटाळा केला कीं सगळेंच कोसळे. सप्टेंबर २००८ मध्यें गूगलनें क्रोम बाहेर काढला तेव्हां पानांना निरनिराळ्या खोल्या देण्याची व्यवस्था त्यांत आरंभापासून होती. फायरफॉक्सनें हा मार्ग २०१६ पासून धरला, आणि मायक्रोसॉफ्टचा आजचा एज हा तर क्रोमच्याच पायावर उभारलेला आहे. म्हणून आज एखादें पान मेलें तर संशय त्या पानावर किंवा मेमरीच्या तुटवड्यावर घ्यावा. पण सगळी खिडकीच गेली तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या ठिकाणीं पाहावा. या व्यवस्थेची किंमतहि आहेच. प्रत्येक खोलीला स्वतंत्र सामान लागतें, आणि तें ठेवावयाचें संगणकाच्या रॅममध्यें.

आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत जें झालें तें दुसऱ्या प्रकारचें होतें. नातीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता, मुदतीला नऊ दिवस उरले होते, आणि क्रोमची खिडकी दिवसांतून एकदां तरी नाहींशी होई. ज्याला त्याला सांगितलें, त्यानें त्यानें एकच औषध सांगितलें: काढून टाका आणि पुन्हां घाला. तें मीं दोनदां केलें. गुण आला नाहीं. याचें कारण मागाहून कळलें. ब्राउझर काढला तरी आपल्या खुणा, आपले पासवर्ड, जोडलेलीं एक्स्टेन्शनें, हें सर्व ज्या फोल्डरांत असतें तें 'प्रोफाइल' संगणकावर तसेंच राहतें, आणि नवा ब्राउझर येऊन मुकाट्यानें तेंच उचलतो. उलट, काढतांना 'माझी माहितीहि पुसा' या चौकटींत खूण केली तर तें प्रोफाइल जातें. गूगलच्या खात्याशीं जुळणी चालू असेल तर त्याची प्रत तेथें सांपडते. नसेल तर वर्षानुवर्षें जमविलेले पासवर्ड एका क्षणांत गेले म्हणून समजावें. त्या चौकटीकडे माझें लक्षच गेलें नव्हतें. तेव्हां कोणत्याहि उपायापूर्वीं खुणांची एक प्रत फाइलमध्यें काढून ठेवावी, महत्त्वाचे पासवर्ड वहींत टिपून घ्यावे, आणि मगच हात घालावा.

मींहि नंतर एक वही घातली. खिडकी गेली कीं वेळ, त्या वेळीं काय काय उघडें होतें, आणि पडद्यावर कांहीं अक्षरें आलीं असल्यास तीं जशींच्या तशीं, एवढें लिहावयाचें. हें काम कंटाळवाणें आहे. पण तीन दिवसांतच त्या वहीनें मला अशी एक गोष्ट दाखविली कीं जी स्मरणावर विसंबून कधीं दिसली नसती. सकाळीं, एकदोन पानें उघडीं असतांना, ब्राउझर एकदांहि कोसळला नव्हता. कोसळे तो संध्याकाळीं, घरांतील तिघांनीं मिळून वीसपंचवीस टॅब उघडून ठेविलेले असतांना. आणि दर वेळीं निराळ्याच पानावर. दोनदां तर खिडकी न जातां एखादेंच पान मेलें होतें, आणि त्या जागीं 'स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन' असे शब्द आले होते.

सोपे उपाय आधीं उरकले. संगणक पुरता बंद करून पुन्हां लावला. क्रोमच्या मेनूंत मदतीच्या सदरांत ब्राउझरविषयींचें पान असतें. तें उघडलें कीं नवी आवृत्ति आपोआप शोधली जाते, ती घेतली. डिस्कवर जागा पुरेशी होती. (ज्यांच्याकडे अद्याप विंडोज ७ किंवा ८.१ आहे त्यांची गोष्ट निराळी. फेब्रुवारी २०२३ मधील ११०व्या आवृत्तीपासून क्रोम त्यांवर चालत नाहीं, आणि जुन्याच आवृत्तीवर ते अडकून पडले आहेत.) क्रोमच्या स्वतःच्या टास्क मॅनेजरांत, जो शिफ्ट व एस्केप या कळांनीं उघडतो, कोणतें पान किती मेमरी खातें तें दिसतें. तेथें एक वृत्तपत्राचें पान एकट्यानें जेवढें खात होतें तेवढ्यांत बाकीच्या चौघांचा निर्वाह झाला असता. तें बंद केलें. संध्याकाळीं खिडकी पुन्हां गेली.

मग एक्स्टेन्शनांकडे वळलों. क्रोमची खाजगी खिडकी उघडली असतां, आपण मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर, एक्स्टेन्शनें बंद असतात. म्हणून ती उत्तम कसोटी होय. तेथें दुखणें थांबलें तर दोषी त्यांच्यांतच आहे. दोषी शोधण्याची रीत वर्गांतील शिक्षकाला शिकवावयास नको. मागून कोणी शीळ घालतो आहे, पण कोण तें कळत नाहीं. तर अर्धा वर्ग बाहेर पाठवावा. शीळ थांबली तर तो बाहेरच्यांत, न थांबली तर आंतल्यांत. मग त्या अर्ध्याचे पुन्हां अर्धे. सोळा एक्स्टेन्शनें असलीं तरी चार खेपांत एकावर बोट ठेवतां येतें. आमच्या शेजाऱ्यांकडे याच रीतीनें खरेदीवर सवलत मिळवून देणारें एक एक्स्टेन्शन पकडलें गेलें, आणि तेवढें काढल्यावर त्यांचा ब्राउझर निमूटपणें चालूं लागला. आमच्याकडे मात्र खाजगी खिडकीहि कोसळली. नवें कोरें प्रोफाइल करून पाहिलें, तेंहि कोसळलें.

पुढची पायरी ग्राफिक्सची. पडद्यावर चित्र उमटविण्याचें काम ब्राउझर संगणकाच्या ग्राफिक्स चिपकडून करून घेतो, आणि त्या चिपचा ड्रायव्हर बिघडलेला असला कीं तंटा उद्भवतो. सेटिंग्जमधील 'सिस्टम' या भागांत हें साहाय्य बंद करतां येतें. मीं तें बंद केलें आणि दोन दिवस ब्राउझर एकदांहि पडला नाहीं! मीं घरांत जाहीर करून टाकलें कीं रोग सांपडला. तिसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेला खिडकी पूर्ववत् गेली. ते दोन दिवस घरांतील मंडळी लग्नाला गेली होती आणि संगणकावर मी एकटाच होतों, ही गोष्ट वहींत पाहिल्यावर ध्यानांत आली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी हें मीं पाळलें होतें; पण मीं बदललेली गोष्ट एक आणि परिस्थितीनें आपली आपण बदललेली दुसरी, हें विसरलों. दुखणें रोज होत असेल तर चारपांच दिवस, तेहि नेहमीसारख्या वापराचे, गेल्यावांचून उपाय लागू पडला असें म्हणूं नये.

यानंतर मीं जें केलें तें खरें पाहतां पहिल्याच दिवशीं करावयास हवें होतें. फायरफॉक्स घालून संध्याकाळचें सर्व काम त्यांत केलें. तोहि कोसळला. दोन निरनिराळ्या कारागिरांनीं बांधलेलीं घरें एकाच अंगणांत पडूं लागलीं, तर गवंड्याला शिव्या देण्यापूर्वीं जमीन पाहावी. एका दुकानदारानें संगणक न उघडतांच 'हा जुना झाला, नवा घ्या' असा निकाल दिला होता. मी तो मानण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत पीडीएफ दाखविणारा साधा प्रोग्रॅमहि एकदां तसाच बंद पडला, आणि माझा संशय रॅमवर स्थिर झाला.

विंडोजमध्यें रॅम तपासण्याचें साधन घरचेंच आहे. शोधाच्या चौकटींत 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' असें इंग्रजींत लिहिलें कीं तें सांपडतें. हातांतील काम जतन करून तें चालविलें कीं संगणक पुन्हां सुरू होतो आणि निळ्या पडद्यावर तपासणी करूं लागतो. आमच्याकडे तपासणी अर्धीहि झाली नव्हती तोंच हार्डवेअरमध्यें बिघाड असल्याचा शेरा आला. आंत चार चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. संगणक बंद करून, वायर भिंतींतून काढून, एक पट्टी उपसली व पुन्हां तपासलें, मग दुसरी. पुन्हां तोच अर्ध्या वर्गाचा न्याय. एक निर्दोष ठरली, एक दोषी. दोषी पट्टी बदलण्याला नव्या संगणकाच्या किंमतीच्या मानानें फारच थोडा खर्च आला. आपल्याकडे ही तपासणी निर्मळ निघाली तर मात्र एकाच फेरीवर विश्वासूं नये; कांहीं पट्ट्या तापल्यावरच चुकतात, म्हणून ती रात्रभर चालूं द्यावी.

मग इतके दिवस ब्राउझरच कां पडत होता? रॅम म्हणजे अब्जावधि घरांची कपाटें समजा, आणि प्रत्येक घरांत एक किंवा शून्य. त्यांतलें एखादें घर नासलें, म्हणजे ठेविलें एक आणि निघालें शून्य. सकाळीं थोडीं पानें उघडीं असतांना त्या घरापर्यंत पाळीच येत नाहीं. संध्याकाळीं ब्राउझर घरांमागून घरें भरीत जातो आणि केव्हां तरी तेथें पोंचतो. त्या घरांत एखाद्या चित्राचा ठिपका असेल तर रंग किंचित् पालटेल, कोणाला कळणारहि नाहीं. पण तेथें पुढच्या कामाचा पत्ता लिहिलेला असला, तर ब्राउझर चुकीच्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. ती जागा त्याची नसते, विंडोज त्याला अडवितें आणि तत्काळ बंद करतें. 'ॲक्सेस व्हायोलेशन' या शब्दांचा अर्थ एवढाच. ते शब्द दुसऱ्या कारणांनींहि येतात, एखाद्या सदोष एक्स्टेन्शननें किंवा ब्राउझरच्या आंत डोकावणाऱ्या अँटिव्हायरसनेंहि. म्हणून केवळ त्यांवरून रॅमला फांशीं देतां येत नाहीं. घरांत सर्वांत अधिक मेमरी वापरणारा प्रोग्रॅम ब्राउझर, म्हणून नासलेल्या घराची वार्ता आणणाराहि बहुधा तोच.

आणि त्यानें ती आणली हें आमचें नशीब. कारण त्या घरांतून जी चूक निघते ती ब्राउझरपुरती राहत नाहीं. मोबाइलमधून संगणकावर घेतलेलीं छायाचित्रें, लिहिलेलीं पत्रें, हिशेब, सर्व डिस्कवर जातांना त्याच रॅममधून जातें, आणि तेथें बिघडलेली प्रत कसलाहि आवाज न करतां साठविली जाते. म्हणून रॅमचा संशय येतांच संगणकावर नवें कांहीं उतरवूं नये, आणि मूळ प्रती कोठेंहि पुसूं नयेत.

नातीचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधीं, पट्टी बदलल्यानंतर, एका बैठकींत भरून गेला. मग मीं त्या महिन्यांत साठविलेल्या फाइली एकेक उघडून पाहिल्या. पुष्कळशा ठीक होत्या. तीन छायाचित्रांचा खालचा अर्धा भाग करडा झालेला होता. त्यांपैकीं एकाची मूळ प्रत मुलाच्या मोबाइलमध्यें सांपडली. उरलेलीं दोन जागा मोकळी करण्याच्या भरांत मोबाइलमधून मींच पुसलीं होतीं.