प्रतिजैव पदार्थ व रुग्णपरिचर्या

प्रतिजैव पदार्थ व रुग्णपरिचर्या : कवके, सूक्ष्मजंतू इ. सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या आणि अल्प प्रमाणात इतर सूक्ष्मजीवांची वाढ रोखणाऱ्या अथवा त्यांचा नाश करणाऱ्या रासायनिक पदार्थांना ‘प्रतिजैव पदार्थ’ म्हणतात. व्यवहारात तशाच क्रियेच्या संश्लेषित (कृत्रिम रीतीने तयार केलेल्या) औषधांनाही ही संज्ञा लावतात. औषधाची निवड डॉक्टर करतात; तथापि ते ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी व योग्य मार्गाने देणे आणि त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवणे हे काम मुख्यतः परिचारिकेचे असते.

इतिहास : अलेक्झांडर फ्लेमिंग (१८८१–१९५५) यांना १९२८ मध्ये लंडन येथे पेनिसिलियम या कवकाभोवती सूक्ष्मजंतूंची वाढ थांबलेली आढळली. हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांनी ऑक्सफर्ड येथे पेनिसिलीन औषधरूपात आणले. १९४१ मध्ये तेथे गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या एका पोलिसाला ते देण्यात आले. काही दिवसांत त्याची प्रकृती स्पष्टपणे सुधारली. परंतु साठा अपुरा पडला. मूत्रातून पेनिसिलीन परत मिळवून वापरले, तरीही ते संपले. संसर्ग उलटला व रुग्ण दगावला. औषध वृक्कांवाटे (मूत्रपिंडांवाटे) वेगाने बाहेर पडते आणि उपचार अपुरा राहिल्यास उरलेले जंतू पुन्हा वाढतात, या दोन्ही गोष्टी या घटनेत दिसून येतात. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

क्रिया : मानवी कोशिका (पेशी) व सूक्ष्मजंतूंची कोशिका यांच्या रचनेतील भेदांवर या औषधांची उपयुक्तता आधारलेली आहे. सूक्ष्मजंतूंभोवती कोशिकाभित्ती असते. मानवी कोशिकांना ती नसते. पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधे ही भित्ती बांधणाऱ्या एंझाइमांना निष्क्रिय करतात. त्यामुळे वाढणारा जंतू फुटून मरतो. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन, टेट्रासायक्लीन व एरिथ्रोमायसीन ही औषधे जंतूंच्या रिबोसोमांवर क्रिया करून प्रथिनांच्या निर्मितीत बिघाड करतात. रिफँपिसीन आरएनएची निर्मिती थांबविते, तर पॉलिमिक्सिने कोशिकापटलास इजा करतात. व्हायरसांना कोशिकाभित्ती किंवा स्वतःचे रिबोसोम नसल्याने सर्दी, इन्फ्ल्यूएंझा यांसारख्या व्हायरसजन्य रोगांवर ही औषधे निरुपयोगी ठरतात.

मात्रा व वेळ : शिरेतून दिलेल्या बेंझिल पेनिसिलिनाची रक्तातील पातळी दर अर्ध्या तासास सुमारे निम्म्याने उतरते. या गटातील औषधांचा परिणाम ती पातळी पुरेसा काळ टिकण्यावर अवलंबून असतो. म्हणून दर सहा तासांनी सांगितलेली मात्रा रात्रीही वेळेवर द्यावी लागते. झोपमोड टाळण्यासाठी ती पुढे ढकलल्यास मधल्या काळात जंतूंना वाढण्यास अवसर मिळतो. उलट, जेंटामायसिनाच्या बाबतीत रक्तातील उच्चतम पातळी महत्त्वाची असते; ते साचून राहिल्यास वृक्कांना व अंतःकर्णाला इजा होते. म्हणून मूत्राचे प्रमाण नोंदवावे लागते आणि कानांत आवाज येणे, ऐकू कमी येणे, तोल जाणे या तक्रारी तत्काळ डॉक्टरांना कळवाव्या लागतात.

परिचर्येतील दक्षता : पहिल्या मात्रेपूर्वी रक्त, मूत्र, पू इत्यादींचे नमुने संवर्धनासाठी घ्यावेत, अन्यथा जंतू ओळखणे कठीण होते. मात्र जंतुसंसर्गाने रक्तदाब खालावलेल्या रुग्णास एका तासाच्या आत औषध मिळणे आवश्यक असल्याने नमुन्यासाठी विलंब करू नये.

पूर्वी कोणत्या औषधाने पुरळ, सूज किंवा धाप झाली होती काय, हे प्रत्येक रुग्णास विचारावे. त्वचेतील चाचणी निर्दोष आली तरी अधिहर्षतेची (ॲलर्जीची) तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून इंजेक्शननंतर रुग्णावर लक्ष ठेवावे व ॲड्रेनॅलीन हाताशी असावे. श्वास कोंडणे, घशास सूज येणे किंवा रक्तदाब उतरणे ही लक्षणे दिसताच औषध थांबवून मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलीन देतात.

बेंझाथीन पेनिसिलीन फक्त खोल स्नायूत देतात; ते शिरेत गेल्यास हृदयक्रिया बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. व्हँकोमायसीन शिरेतून किमान एक तासभर सावकाश द्यावे लागते. वेगाने दिल्यास चेहरा व मान लाल होऊन रक्तदाब उतरतो. टेट्रासायक्लीन दूध किंवा आम्लपित्तावरील औषधांबरोबर घेतल्यास नीट शोषले जात नाही. रिफँपिसिनामुळे मूत्र नारिंगी होते, याची पूर्वकल्पना रुग्णास न दिल्यास घाबरून तो औषध सोडण्याचा संभव असतो. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर तीव्र जुलाब लागल्यास तेही कळवावे. आतड्यातील नेहमीचे जंतू नष्ट होऊन अपायकारक जंतू बळावल्याचे ते लक्षण असू शकते.

प्रतिरोध : पेनिसिलिनाचा नाश करणारे जंतूंमधील एंझाइम १९४० मध्येच, म्हणजे औषध सर्रास वापरात येण्यापूर्वी, आढळले होते. औषधाने संवेदनशील जंतू मरतात आणि प्रतिरोधक जंतू उरून वाढतात. अनावश्यक व अपुऱ्या वापराने ही निवड वेगाने होते. म्हणून ठरविलेल्या मुदतीपूर्वी रुग्णाने औषध आपण होऊन बंद करू नये, उरलेले दुसऱ्यास देऊ नये. तसेच मुदतीनंतर ते विनाकारण चालू ठेवणेही हितावह नसते. भारतात २०१४ पासून अनेक प्रतिजैव औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. रुग्णालयात प्रतिरोधक जंतू बहुधा हातांवाटे एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जातात. प्रत्येक रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे हा त्यांच्या प्रसारास आळा घालण्याचा सर्वांत सोपा व परिणामकारक उपाय होय. कारण जो संसर्ग झालाच नाही, त्यासाठी प्रतिजैव पदार्थ वापरावा लागत नाही.