थंडीत गाडीचा गंज काढताना

टोरांटोत रस्त्यांवर मीठ पडतं आणि चाकांच्या कमानींना गंज धरतो. हिवाळ्यातही घरी दुरुस्ती जमते, मात्र हवेइतकंच पत्र्याचं तापमान बघा! पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. नाहीतर न दिसणारा ओलावा प्रायमरखाली अडकून पुढे फोड येतात. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. गॅसचा हीटर नकोच, त्यातून पाण्याची वाफ निघते आणि थिनर पेट घेतो. गॅरेज आधी विजेच्या हीटरने तापवा, फवारताना तो बंद, दार थोडं उघडं, तोंडाला रंगकामाचा मास्क. स्प्रे कॅन कोमट पाण्यात ठेवा. कोट पातळ द्या, मध्ये नेहमीपेक्षा जास्त थांबा.