फ्यूज असून मोटर जळते कशी?

सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाने गेलात, तर स्टार्टरच्या पेट्यांपासून पाण्यातल्या पंपांपर्यंत गेलेल्या केबली जागोजाग दिसतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, तशी मोटर पाण्यामागे जाते आणि जोड देत देत केबल लांबवावी लागते. अशातच एखादी मोटर जळते. ती रिवाइंडिंगला जाते, उसाचे पाणी तुटते, आणि हमखास प्रश्न येतो : फ्यूज होता, तरी मोटर जळली कशी?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की तो फ्यूज मुख्यतः केबलीसाठी असतो. मोटरीचा राखणदार वेगळा.

पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेते. पण सुरू होताना, वेग येईपर्यंत, ती सुमारे सहापट म्हणजे ४५ अँपिअर ओढते. या धक्क्याने फ्यूज वितळता कामा नये, म्हणून तो २० अँपिअरचा घालतात. आता समजा, पंपात गाळ अडकला आणि मोटर ११ अँपिअर घेऊ लागली. फ्यूजच्या लेखी काहीच घडलेले नाही! परंतु तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट, तर उष्णता सव्वादोनपट. चालू मोटरीचा एक फेज गेला, तर याहून वाईट. मोटर थांबत नाही, नुसती घुमते. उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो आणि त्या तारांतील उष्णता तिप्पट. गुंडाळीवरच्या रोधक लेपाचे आयुष्य दर १० अंश जादा तापमानाला निम्मे होते, असा स्थूल नियम आहे.

येथे ओव्हरलोड रिले उपयोगी पडतो. त्यात असमान प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी असते. मोटरीच्याच प्रवाहाने ती तापते, वाकते आणि स्टार्टर पाडते. सुरुवातीचा क्षणभराचा धक्का ती सोसते. दीडपट प्रवाह मात्र काही मिनिटांतच ओळखते. मोटर जशी हळूहळू तापते, तशीच पट्टीही तापते, ही मला या साध्या साधनातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हा सावकाशपणाच शॉर्ट सर्किटच्या वेळी नडतो. पट्टी वाकेपर्यंत केबल गेलेली असते. तेथे फ्यूजच हवा, आणि तोही योग्य जाडीचा. पेटीत केबलीचीच जाड तार पिळून बसवलेली अनेकांनी पाहिली असेल. विद्यार्थी मित्रांनो, तिचा हिशेब करून पाहू. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा ३०० मीटरला रोध सुमारे २.२ ओहम. टोकाशी दोन तारा भिडल्या, तर जाण्यायेण्याचा रोध ४.४ ओहम; ४१५ भागिले ४.४, म्हणजे सुमारे ९४ अँपिअर. शॉर्ट म्हणजे हजारो अँपिअर, ही आपली समजूत लांब केबलीच्या टोकाशी खरी ठरत नाही! या प्रवाहाने २० अँपिअरचा फ्यूज काही सेकंदांत वितळतो. सोळा गेजची तांब्याची तार वितळायला मात्र दीडशेहून अधिक अँपिअर लागतात. ती जागची हलत नाही, आणि दहाएक सेकंदांत केबलीचे पीव्हीसी आवरण बिघडू लागते.

लांब केबलीचा दुसरा परिणाम रोजचा आहे. ७.५ अँपिअरला तिच्यात वीसपंचवीस व्होल्ट पडतात. मुळात दाब कमी असला, तर तेवढेच पाणी चढवण्यासाठी मोटर अधिक प्रवाह घेते आणि रिले पडतो. मग कोणी तरी रिलेचा काटा साडेसातवरून दहावर सरकवतो. पंप चालू राहतो, पण गुंडाळीतली उष्णता आता पावणेदोनपट होईपर्यंत रिले तिची दखल घेणार नसतो.